बार्तिमी सदनाची आई : पंडिता रमाबाई



३ डिसेंबर हा दिवस आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण म्हणून पाळतो. याच दिवशी जगभर अपंग व्यक्तींचा दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली तो ठरवून दिला. हे दोन्ही प्रसंग मनात ठेवून या अंकात आम्ही पंडिता रमाबाई यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

रमाबाईंचे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. संस्कृतच्या पंडिता, विधवांच्या कैवारी, बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या विदुषी अशी त्यांची ओळख आहे. पण त्यांच्या कार्याची एक बाजू नेहमी मागे राहते. ज्या मुलींना घराने टाकले, दुष्काळाने टाकले आणि अंधत्वामुळे किंवा दुबळेपणामुळे अनाथाश्रमांनीही घ्यायला कां-कूं केली असती, अशा मुलींसाठी त्यांनी जागा केली. आणि त्या स्वतः कानांनी अधू होत्या, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते.

रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सभासद नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार इंग्लंडमध्ये अँग्लिकन मंडळीत झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत राहिल्या नाहीत. पण पवित्र आत्मा आपल्या कुंपणाबाहेरही काम करतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात मान्य केले आहे. जेथे चांगले दिसेल तेथून शिकण्यास आपण मोकळे आहोत.

बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांनाही संस्कृत शिकवले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. त्या काळी हे मत धाडसाचे होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवले, म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला. शेवटी त्यांनी रानात जाऊन आश्रम थाटला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवले. पहाटे उठून आईच्या मांडीवर बसून श्लोक पाठ करायचे, अशी ही शाळा होती. बारा वर्षांच्या आतबाहेर रमाला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते, असे सांगतात.

पाहुण्यांचा आणि विद्यार्थ्यांचा खर्च झेपेना. घरदार गेले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. १८७४ नंतरच्या थोड्या काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तीन माणसे उपासमारीने आणि आजाराने गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास एवढीच दोघे उरली.

या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपल्या घरात विद्या होती, पण हाताला काम नव्हते, आणि हलके काम करण्याची लाज होती. म्हणून उपासमार अधिक जवळ आली, असे त्यांना वाटले. पुढे त्यांनी चालवलेल्या प्रत्येक संस्थेत पुस्तकाबरोबर हातचे काम शिकवले गेले. त्याचे मूळ या दुष्काळात आहे.

दोघे बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. तो आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय विवाह होता. १८८१ साली मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

कानांनी अडवलेली वाट

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, असे सांगितले. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज म्हणून कित्येक बाया औषधाविना मरत होत्या. आपणच डॉक्टर व्हावे, या विचाराने १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. तिथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी दोघींचा स्नानसंस्कार झाला.

डॉक्टर होण्याचे मात्र जमले नाही. त्यांना ऐकू कमी येत होते आणि ते वाढतच गेले. वर्गातली व्याख्याने ऐकणे, रोग्याची छाती तपासणे हे अशा कानांनी कसे व्हावे? वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, तेच काम हातातून गेले. नंतरच्या आयुष्यातही हा बहिरेपणा त्यांच्या सोबतच राहिला.

आम्हाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अपंग मुलाविषयी बोलताना पहिले वाक्य असते ते त्याला काय येत नाही याचे. तो चालत नाही, ती बोलत नाही, याला शाळेत समजत नाही. रमाबाईंबद्दलही इंग्लंडमध्ये असे वाक्य सहज म्हणता आले असते. पण चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना शिकण्याची संधी दिली आणि संस्कृत शिकवण्याचे कामही दिले. एक वाट अडली, तर दुसरी दाखवणारे कोणीतरी भेटले. ज्या मुलांना असे कोणी भेटत नाही, ती तिथेच थांबतात.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. अमेरिकेत त्यांनी बालवाडीची पद्धत अभ्यासली. खेळ, वस्तू, गाणे आणि हात यांच्या साहाय्याने मूल शिकते, हे फ्रेबेलचे शास्त्र त्यांना मनापासून पटले. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यातून मदत उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजेच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई कर्वे.

१८९३ साली शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात मोठा गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम थांबवले नाही. पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सोलापूरच्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळबाग लावली. परदेशची मदत आटली तरी संस्था आपल्या पायावर उभी राहावी, हा हिशेब त्यामागे होता. बागाईतदारांच्या आपल्या तालुक्याला हा हिशेब समजावून सांगायला नको.

मध्य प्रांतातला दुष्काळ

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपले नरखेड तेव्हा मध्य प्रांताच्या नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तहसिलीत होते. आपल्या पणजोबांच्या पिढीने तो काळ पाहिला. रमाबाईंना ही बातमी कळली तेव्हा आपल्या आईवडिलांचे मरण त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि दुष्काळी कामाच्या छावण्या व सरकारी गरीबखाने त्यांनी पाहिले. तिथे अन्न थोडे होते आणि एकट्या मुलींना संरक्षण नव्हते. त्यांना पळवून नेणारे दलाल आसपास फिरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुलींना आणि स्त्रियांना आपल्याबरोबर नेले.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ आली होती. शहरात एवढ्या मुली ठेवण्याची परवानगी मिळेना. म्हणून त्यांना केडगावच्या उघड्या शेतावर तट्ट्याच्या झोपड्यांत ठेवले. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

आलेल्या मुली कशा होत्या याची कल्पना करा. हाडांचे सापळे, अंगावर जखमा, डोक्यात उवा. कोणी अन्न चोरून लपवी, कोणी रात्रभर ओरडे. दीर्घ उपासमारीने मुलांचे डोळे जातात, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. अ जीवनसत्त्व मिळाले नाही तर आधी रात्री दिसेनासे होते आणि मग डोळाच जातो. देवीच्या रोगाने तर त्या काळी गावोगावी अंध मुले होती. मुक्तीमध्ये अशा मुली येत राहिल्या. अंध, दुबळ्या, मंदबुद्धीच्या, कायमच्या आजारी.

बार्तिमी सदन

आता आपण या चरित्राच्या गाभ्याशी आलो. एवढ्या गर्दीत आंधळ्या मुलींना एका कोपऱ्यात बसवून दोन वेळचे जेवण दिले असते, तरी लोकांनी धन्य म्हटले असते. रमाबाईंचे समाधान तेवढ्याने झाले नाही. मुक्तीमध्ये निरनिराळ्या गरजांसाठी निरनिराळी घरे उभी राहिली. वृद्ध आणि दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन.

बार्तिमी हे नाव शुभवर्तमानातल्या बार्तीमयावरून घेतले आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेला हा आंधळा भिकारी संत मार्कच्या दहाव्या अध्यायात येतो. तो येशूला हाका मारतो तेव्हा गर्दी त्याला गप्प बसायला सांगते. येशू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि त्याला काय हवे आहे ते विचारतो. आंधळ्याला काय हवे असणार, हे दिसतच होते. तरीही प्रभूने विचारले. गर्दीच्या लेखी तो वाटेतला अडथळा होता. प्रभूच्या लेखी तो स्वतःचे मागणे स्वतः सांगू शकणारा माणूस होता. रमाबाईंनी घराला हे नाव दिले, त्यात त्यांची सगळी दृष्टी आली.

या कामात त्यांचा उजवा हात होती मनोरमा. परदेशात शिकत असताना तिने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि परत आल्यावर मुक्तीतल्या अंध मुलींना ती शिकवली. ज्यांनी कधी पाटीसुद्धा हातात धरली नव्हती, त्या मुली बोटांनी वाचू लागल्या. वाचनाबरोबर त्यांना हस्तकामही शिकवले जाई.

ही लिपी ज्याने शोधली तो लुई ब्रेल आपल्याच ख्रिस्तसभेचा श्रद्धावंत सुपुत्र होता. १८०९ साली फ्रान्समधल्या कूव्रे या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांचे जीन आणि साज तयार करीत. तीन वर्षांचा असताना दुकानातली आरी डोळ्यात घुसली, जखम चिघळली आणि दोन्ही डोळे गेले. गावच्या धर्मगुरूंनी आणि शाळामास्तरांनी त्याला इतर मुलांबरोबर बसवले. पुढे तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी त्याने तयार केली. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. १८५२ साली तो क्षयाने वारला, तेव्हा त्याच्या लिपीला जगात मान्यता मिळायची होती. त्याच शतकाच्या आसपास ती केडगावच्या माळावर दुष्काळातून आलेल्या मुलींच्या बोटांखाली पोचली.

याच सुमारास आपल्या ख्रिस्तसभेनेही या क्षेत्रात पाऊल टाकले होते. मुंबईचे तेव्हाचे महागुरू लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने माझगाव येथे मूकबधिर मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. भारतातली ही अशी पहिली शाळा मानली जाते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचे राज्यशास्त्र वाचले होते. एवढा थोर विचारवंत, पण व्यंग असलेले मूल वाढवू नये असा कायदा असावा, असे त्याने लिहून ठेवले आहे. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरवायचे म्हटले की विचार शेवटी तिथेच येऊन पोचतो. ख्रिस्ती श्रद्धेने वेगळी सुरुवात केली. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, म्हणून त्याचे मोल त्याने काही करून दाखवण्याच्या आधीच ठरलेले आहे. आरंभीच्या काळातले ख्रिस्ती लोक रोमन शहरांत टाकून दिलेली अर्भके उचलून आणीत, ते याच श्रद्धेने. रमाबाईंनी या विषयावर तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी घर बांधले आणि शिक्षिका नेमली.

सरकारलाही जाब

रमाबाईंना अनेकजण केवळ दयाळू बाई समजतात. ते अपुरे आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारने लोकांना सक्तीने इस्पितळांत आणि छावण्यांत नेले. तिथे स्त्रियांच्या अब्रूची आणि सुरक्षिततेची हेळसांड होते, असे रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून उघडपणे मांडले. त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली. सरकारने आरोप नाकारले. रमाबाईंना इंग्रज मित्र पुष्कळ होते आणि मदतही तिकडून येत होती. तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दुबळ्यांसाठी सरकार जे करते ते उपकार नसतात, कर्तव्य असते. ते कर्तव्य नीट होत नसेल, तर सभ्यपणे पण ठामपणे विचारणे हेही सेवेचेच काम आहे.

शेवटची वर्षे

मुक्तीमध्ये शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना असे अनेक उद्योग चालत. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे स्त्रियाच करीत. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे काम हाती घेतले. आपल्या अल्पशिक्षित मुलींना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. जिने अंध मुलींच्या बोटांत अक्षरे दिली आणि जिच्यावर सारे सोपवायचे होते, ती आईच्या आधी गेली. रमाबाईंनी हे दुःख पोटात ठेवून बायबलची मुद्रिते तपासणे चालू ठेवले. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लावलेली केडगावची संस्था त्यांच्यानंतरही चालू राहिली.

आपल्या तालुक्यात

बंधुभगिनींनो, चरित्र वाचून हात जोडणे सोपे असते. त्यातून आपण काय घ्यायचे?

नाताळच्या आधी आम्ही घरोघरी आशीर्वादाला येतो. काही घरांत असे होते की सगळी मुले पुढे येतात आणि एक मूल आतल्या खोलीत राहते. आईवडिलांची त्यात वाईट भावना नसते. लोक काय म्हणतील, बहिणीचे लग्न कसे जमेल, ही भीती असते. कोणी पूर्वजांच्या पापाचे फळ म्हणतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न प्रभूला विचारला होता आणि पाप ना त्याचे ना त्याच्या आईबापांचे, असे प्रभूने स्पष्ट केले. योहानाचा नववा अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचावा, ही विनंती.

रमाबाईंच्या काळी अशा मुलांसाठी कायदा नव्हता. आज आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत. कोणतीही शाळा त्याला केवळ अपंग म्हणून परत पाठवू शकत नाही.

त्या एकवीसमध्ये सिकलसेलही आहे, हे आपल्या विदर्भात प्रत्येक घराला माहीत असायला हवे. या आजाराचे मूल वरून धडधाकट दिसते. मग एक दिवस हातपाय असे दुखतात की ते किंचाळते. चार दिवसांनी पुन्हा खेळते. शाळेत त्याला आळशी म्हणतात, घरी कामचुकार म्हणतात. ते आळशी नसते. त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढी या आजाराची शक्यता असते. म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्यावे. विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुणतरुणींना आम्ही हे नेहमी सांगतो. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात कसलाही कलंक नाही.

मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात वैद्यकीय पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर हे त्यात पाहिले जाते आणि गरज पडल्यास पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते. पण पथक आले त्या दिवशी मूल घरी असेल तर काय उपयोग? जे मूल आतल्या खोलीत आहे, ते कोणत्याच यादीत येत नाही.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हे या सगळ्याची किल्ली आहे. ते असेल तर शिष्यवृत्ती, प्रवासातली सवलत, साहाय्यक साधने, तहसील कार्यालयातून मिळणारी संजय गांधी निराधार योजनेची मदत यांसाठी अर्ज करता येतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. आणि उपचार म्हणजे केवळ गोळ्या नव्हेत. हाताला, पायाला, जिभेला रोज थोडे थोडे शिकवणे हाही उपचार आहे. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे पहिले विद्यालय काढले आणि पुढे आपल्या नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही ते शिक्षण सुरू झाले.

अडचण कुठे आहे, ते आम्ही जाणतो. नागपूरला जाऊन यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. एका कागदासाठी तीन खेपा होतात. संत्र्याचा तोडा चालू असताना आईला सुट्टी मिळत नाही. मोठ्या मुलाला कडेवर घेऊन रेल्वेचा पूल चढता येत नाही. दोन खेपांनंतर माणूस दमतो आणि नशिबाला दोष देऊन घरी बसतो. इथेच धर्मग्रामाचे काम सुरू होते. मनोरमाने परदेशात ब्रेल शिकून घेतली, कारण मुलींकडे ती आपोआप चालत येणार नव्हती. आपल्यापैकी कोणाला अर्ज भरता येतो, कोणाची गाडी आहे, कोणी निवृत्त शिक्षक आहे, कोणी आशाताई किंवा अंगणवाडीताई आहे. एका कुटुंबामागे असा एकजण उभा राहिला, तर तिसरी खेप वाया जाणार नाही.

म्हणून पुढील गोष्टी आम्ही ठरवल्या आहेत. पुढच्या रविवारी पवित्र मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात एक टेबल मांडले जाईल. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी मुलाचे आधारकार्ड आणि असतील ती डॉक्टरांची कागदपत्रे घेऊन यावे. ज्यांना चारचौघांत यायला संकोच वाटतो, त्यांनी आम्हाला निरोप द्यावा; आम्ही घरी येऊ. ज्यांना मदत करायची आहे, त्यांनीही त्याच टेबलावर नाव द्यावे आणि महिन्यातला कोणता दिवस देता येईल ते सांगावे. ख्रिस्ती असो वा नसो, शेजारपाजारच्या मुलांनाही आणावे. रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना दारात जात विचारली नव्हती.

प्रथम ख्रिस्तशरीर ग्रहणाच्या धर्मशिक्षणवर्गालाही ही मुले यावीत. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक त्याच्या परीने कळू शकतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. किती वेळ लागेल याची घाई नाही. ओसरीच्या पायऱ्यांशेजारी उतरण बांधायचे काम धर्मग्राम समितीने मान्य केले आहे. त्यासाठी सिमेंट किंवा श्रमदान देऊ इच्छिणाऱ्यांनी खजिनदारांना भेटावे.

बार्तीमयाला गर्दीने गप्प बसवले होते. येशूने बोलावल्यावर त्याच गर्दीतल्या लोकांनी त्याला धीर देऊन उठवले. माणसे तीच होती. प्रभू आपल्यालाही असे बदलण्याची कृपा देवो आणि आपल्या धर्मग्रामातल्या प्रत्येक मुलावर त्याचा आशीर्वाद असो.

आपले धर्मगुरू